याद्या व्हायच्या आधी दोघांनी बसा

तुळशीचं लग्न लागलं की या सदराकडं लग्नाचीच पत्रं जास्त येतात. यंदा त्यांत सासू-विहिणींच्या तक्रारी कमी आहेत. ज्याच्याशी लग्न ठरलंय त्याच्याशीच नीट बोलणं होत नाही, असं लिहिणारी मुलं-मुली जास्त आहेत. दिवसातून चारदा फोन होतात, जेवलीस का, पोचलास का, सगळं विचारून होतं. पण पैसा, माणसं, दागिने यांतलं काही निघालं की दोघंही विषय बदलतात. मला हे गंभीर वाटतं. म्हणून या वेळची सगळी जागा याच पत्रांना देतेय. नावं अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : काकू, माझं वय २७. शाहूपुरीत एका सीएंच्या ऑफिसात काम करते. मुलगा कागल तालुक्यातला, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीत इंजिनिअर आहे. स्थळ पसंत झाल्यावर आम्ही रंकाळ्यावर भेटत होतो. लग्न साधं करायचं यावर दोघांचं एकमत होतं. मग याद्या झाल्या, म्हणजे खर्च आणि मानपान ठरवायची दोन्ही घरांची बैठक. बाहेरच्या खोलीत त्याचे वडील, चुलते, गावचे दोघे पाहुणे, आणि आमच्याकडून बाबा नि मामा. मी आत चहा करत होते. आतूनच ऐकलं, की कार्यालय आणि जेवण मुलीकडं, माणसं बाराशे धरा. बाबा एसटीतून निवृत्त झालेत. त्यांनी लगेच मान डोलावली. तो तिथंच बसला होता, एक अक्षर बोलला नाही. रात्री फोनवर विचारलं तर म्हणाला, “मोठी माणसं बोलत असताना मी मध्ये काय बोलणार?” मी ‘बरं’ म्हणाले. तेव्हापासून रोज तासभर बोलतो, पण यावर नाही. बोलले तर भांडण होईल अशी भीती वाटते, नाही बोलले तर बाबा पतसंस्थेतून कर्ज काढणार हे दिसतंय. लग्न माघात आहे. काय करू?
— एक मुलगी, राजारामपुरी

उत्तर : आधी त्याच्या गप्प बसण्याबद्दल. माझं निम्मं आयुष्य कोल्हापुरात मंगल कार्यालयाच्या बुकिंगच्या टेबलामागं गेलं. तारीख धरायला सात-आठ माणसं यायची. त्यांत नवरा-नवरी असलेच तर मागच्या खुर्च्यांवर. याद्यांतही तसंच. नवरामुलगा बैठकीत बोलला तर ‘पोरगं आगाव आहे’ म्हणतात आणि बापाची मान खाली जाते. म्हणून त्या तासाभरात तो बोलला नाही याचा राग धरू नकोस. त्याला विचारायचं ते वेगळंच आहे. आदल्या रात्री तो स्वतःच्या वडिलांशी बोलला होता का? आणि त्यानं बोलावं असं तुला वाटतंय, हे तू त्याला सांगितलं होतंस का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही.

दुसरं, रंकाळ्यावर नक्की काय ठरलं? लग्न साधं करायचं. तुझ्या मनात त्याचा अर्थ तीनशे माणसं. त्याच्या गावात भावकी आहे, तालीम आहे, दूधसंस्था आहे, सोसायटीचे सभासद आहेत, आणि यांतल्या निम्म्या घरांनी आजवर त्यांना चूलबंद, म्हणजे अख्ख्या घराला जेवायचं, आवतण दिलेलं आहे. तिथं साधं लग्न म्हणजे डॉल्बी नाही, घोडा नाही, फटाके नाहीत. बाराशे माणसं साध्याच लग्नाची. तुम्ही दोघं एका बाकावर बसून दोन वेगळ्या लग्नांना हो म्हणालात. त्यात खोटं कुणीच बोललं नाही.

आणि फोनवर तू ‘बरं’ म्हणालीस. तुला पटलेलं नव्हतं, हे त्याला कसं कळणार?

येत्या रविवारी भेटा. हे फोनवर नको, रात्री अकरा वाजता तर नकोच. व्हॉट्सअ‍ॅपवर अजिबात नको, कारण तिथला मजकूर घरातल्या दुसऱ्या फोनवर जायला वेळ लागत नाही. सोबत एक वही ने. सुरुवात तक्रारीनं करू नकोस. ‘तू त्या दिवशी गप्प का बसलास’ म्हणालीस की तो आईवडिलांची बाजू मांडायला लागणार आणि सगळी संध्याकाळ त्यात जाणार. सरळ आकडा सांग. समजा बाबांनी पाच लाख बाजूला ठेवलेत, तर असं म्हण, “बाबांना पाच लाखांपर्यंत जमतंय. त्यावर गेलं तर ते कर्ज काढतील. माझ्या लग्नासाठी या वयात त्यांनी हप्ते भरलेले मला चालणार नाहीत. यातून वाट कशी काढायची ते आपण दोघं बघू.” यात त्याच्या घरच्यांना नावं ठेवलेली नाहीत आणि तुझं म्हणणंही कुठं मऊ केलेलं नाही. मात्र त्याआधी बाबांशी बस आणि खरा आकडा विचारून घे. किती मुलींना आपल्या वडिलांनी लग्नासाठी किती ठेवलेत हे माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. आकडा बाहेर सांगायला बाबांची परवानगीही घे, पैसा त्यांचा आहे.

मग वहीत हिशेब मांडा. ताट अडीचशे रुपयांचं धरलं तर तीनशे माणसांचे ७५ हजार होतात, बाराशेंचे ३ लाख. केटरर किमान ताटं ठरवून घेतो. माणसं कमी आली तरी तेवढ्यांचे पैसे द्यावेच लागतात. कार्यालयाचं नुसतं भाडं विचारू नका. आदल्या दिवशी हळदीला ताबा किती वाजता मिळणार, लाइटबिल भाड्यात की वेगळं, जनरेटरचं डिझेल कुणाचं, गाद्या आणि भांडी किती, सफाईचे किती घेणार, अनामत कधी परत मिळणार, हे सगळं विचारा आणि तिथल्या तिथं लिहा. आमच्या टेबलावर नंतरची जी भांडणं झाली ती बहुतेक डिझेल आणि सफाईवरून झाली. भाड्यावरून क्वचितच.

माणसांची यादी डोकी मोजून करू नका, घरं धरून करा. कुठल्या घराला चूलबंद, कुठं घरटी एक, कुठं नुसती पत्रिका. त्याच्याकडची यादी त्यानं करायची, तुझ्याकडची तू. यादी कागदावर आली की मला वाटतं तुम्हालाच दिसेल, बाराशेंतली बरीचशी माणसं त्याच्या गावची आणि आसपासच्या चार गावांची आहेत. त्या सगळ्यांना कोल्हापुरात आणायलाच हवं का? अक्षता इथं तीनशे माणसांत पडू देत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात मांडव घालून सत्यनारायण आणि गावजेवण, त्यांच्या खर्चानं. गव्हाची खीर, मसालेभात, वांग्याची भाजी, आमटी, गावचाच आचारी. म्हाताऱ्याकोताऱ्यांना टेम्पोत बसून यायला नको, नवी सून दारातच बघायला मिळते, आणि त्याच्या वडिलांनी ज्यांच्या घरी जेवलं त्या सगळ्यांना जेवण घातल्याचं समाधान त्यांना मिळतं. ते समाधान खोटं नाही. त्यांच्या गावात वर्षानुवर्षं असंच देणं-फेडणं चालत आलंय, त्याला कमी लेखू नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे त्याच्या घरी त्यानंच सांगायचं. तू नाही, तुझ्या मामांनीही नाही. तुझ्या बाबांनी बैठकीत मान डोलावलेली आहे. आता त्यांनी शब्द फिरवला तर त्यांना कमीपणा येईल. तोच बदल मुलाकडून आला तर लोक त्याला मोठेपणा म्हणतील. तसंच, त्यानं घरी जाऊन ‘तिच्या बाबांना झेपत नाही’ असं सांगायचं नाही. हे वाक्य एकदा त्या घरात पडलं की तुझ्या पहिल्या दिवाळसणालाही ते तुझ्या पानाशेजारी वाढलेलं असेल. त्यानं असं सांगायचं, “आई, आम्ही दोघांनी बसून हिशेब केलाय. अक्षता कोल्हापुरात तीनशे माणसांत टाकूया. गावाला आपल्या दारात जेवू घालूया, त्याचं मी बघतो. मला असं करायचंय.” दोघांनी ठरवलेलं आपापल्या घरी स्वतःचं म्हणून सांगायचं, दुसऱ्याच्या डोक्यावर टाकायचं नाही. तूही तुझ्या घरी हेच पाळ. ‘त्याच्या आईला असंच पाहिजे’ असं तू बाबांना सांगत गेलीस, तर बाबांच्या मनात त्या बाईंबद्दल पहिल्या दिवसापासून अढी बसेल.

तो म्हणाला, मला घरी सांगायला जमणार नाही, तर चिडू नकोस. नेमकी कशाची भीती वाटते ते विचार. वडिलांच्या रागाची, चुलत्यांची, की गावात हसं होईल याची? चुलत्यांची असेल तर तुमचं स्थळ ज्यांनी जमवलं त्या मध्यस्थांना सोबत घेता येईल, पण बोलायचं त्यानंच आणि त्याच्याच तोंडानं. एवढं करूनही तो नाहीच म्हणाला, तर पत्रिका छापायला टाकू नका. तारीख पुढं ढकलता येते. कार्यालयाची अनामत बुडाली तरी चालेल. वडिलांशी एक वाक्य बोलायला तयार नसलेल्या माणसाबरोबर तुला त्याच वडिलांच्या घरात राहायचंय, हा विचार लग्नाआधी केलेला बरा.

प्रश्न : काकू, मी मंगळवार पेठेतला, नोकरीला पुण्यात हिंजवडीला. होणारी बायको कोल्हापुरात शिक्षिका आहे. लग्नाची सगळी खरेदी तीच बघते. रोज साड्यांचे, फेट्यांचे, स्टेजच्या डेकोरेशनचे फोटो येतात. मी प्रत्येकाला ‘छान’ लिहितो, कारण मला खरंच सगळं छान वाटतं. परवा ती रडली. म्हणाली, तुला काही पडलेलंच नाही. मी म्हटलं, काय मदत करू ते सांग, करतो. त्यावर ती आणखी चिडली. माझं काय चुकलं?
— एक मुलगा, सध्या पुणे

उत्तर : शालूच्या रंगाचं तुला काही नाही, हे मला पटतं. तिलाही पटेल. रंग ठरवायला तिच्याजवळ मावशी आहे, बहिणी आहेत, महाद्वार रोडवरचे दुकानदार आहेत. पण शाळा सुटल्यावर पिशव्या घेऊन ती एकटी फिरते, आणि फोटो पाठवला की पाचव्यालाही ‘छान’, पंधराव्यालाही ‘छान’. तू तो फोटो उघडून बघितलास की नाही, हेच तिला कळत नाही.

यापुढं दोनच प्रकारची उत्तरं दे. एक, “दुसरी आवडली, काठ मोठा आहे म्हणून.” किंवा, “यात मला काही नाही, तू ठरव, मी नंतर काही बोलणार नाही.” आणि मग खरंच बोलायचं नाही, आईनं नाक मुरडलं तरी. ज्यात तुला काही वाटतं तेही आत्ताच सांग. कोल्हापूरच्या मुलांना फेट्याबद्दल काही वाटत नाही, हे मी तरी ऐकलेलं नाही.

मदत सांग म्हटल्यावर ती चिडली, कारण काम लक्षात ठेवायचं तिनं, वाटून द्यायचं तिनं, झालं का विचारायचंही तिनंच. तू अख्खी कामं अंगावर घे आणि तिला सांग की हे आता माझं, याचा विचार तू सोड. पुण्यात बसून होणारी कितीतरी कामं आहेत. पुण्याकडच्या वऱ्हाडाची बस, फोटोग्राफरशी बोलणं आणि त्याच्याकडून अल्बम किती पानांचा, व्हिडिओ किती दिवसांत देणार हे लिहून घेणं, पाहुण्यांच्या उतरण्याची सोय, बॅन्डवाला. आणि पत्रिका.

पत्रिकेचं काम तू घेच. ते लहान वाटतं, पण दोन्ही घरांतले सगळे रुसवे-फुगवे त्या एका कागदावर येतात. वर दोन्हीकडची कुलदैवतं. मग कै. आजी-आजोबा. मग निमंत्रक, म्हणजे चुलते. ते वयानं लावायचे, की घरात ज्याचा शब्द चालतो तो आधी? मग व्यवस्थापकांत तालमीची मंडळी. सगळ्यांत खाली ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी पोरंटोरं, त्यांतलं एक जरी सुटलं तरी त्याची आई लग्नात तोंड फिरवून बसते. चि. च्या जागी कै. छापलेली पत्रिका माझ्या टेबलावर आलेली आहे. ज्या आजोबांचं नाव होतं ते समोर खुर्चीत बसले होते. म्हणून तिच्या घरची नावं फोनवर ऐकून लिहू नकोस, तिच्याकडून लिहून मागव. प्रूफ आलं की दोघांनी फोनवर एकेक ओळ मोठ्यानं वाचा. तारीख आणि वार जुळतात का, मुहूर्ताची मिनिटं बरोबर आहेत का, कार्यालयाच्या पत्त्यात जवळची खूण आहे का ते बघा. तिच्या नावापुढं तिची पदवी लिहायची का, तेही विचार. तुझी लिहिली आणि तिची राहिली, असं होऊ नये.

अजून एक गोष्ट, ती पत्रात नाही तरी. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नाव लिहितात. नाव बदलायचं का, हे तिला आत्ता विचार. आईच्या मनात एखादं नाव ठरलेलं असेल तर तेही तिला आत्ताच कळू दे. लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे अशी कायद्याची सक्ती नाही. शाळेच्या नोकरीत सेवापुस्तकापासून बँकेच्या खात्यापर्यंत सगळीकडं तिचं माहेरचं नाव असणार, तेव्हा हा तिच्यासाठी नुसत्या हौसेचा विषय नाही. शंभर माणसं वाकून ताटात बघत असताना तिला नाही म्हणता येणार नाही, आणि तिला तसं अडकवू नकोस.

आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्धा-अर्धा तास फक्त लग्नाच्या कामांचं बोला. एरवीच्या फोनवर तो विषय काढायचा नाही. तिला शाळेतल्या पोरांबद्दल सांगायचं असेल, ते ऐक.

प्रश्न : काकू, मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. होणाऱ्या सासूबाईंकडं त्यांच्या सासूचा कोल्हापुरी साज आहे. त्या म्हणतात, लग्नानंतर तो रोज घाल, नाहीतर मोडून तुला मोठं गंठण करू. मला रोजच्याला बारीक मंगळसूत्र हवंय. नवरा म्हणतो, “हा बायकांचा विषय, तूच आईशी बोल.”
— उचगावहून

उत्तर : तुझ्या गळ्यात रोज काय असावं, हे तुझ्याशी लग्न करणाऱ्याला माहीत असायला नको का? पहिलं बोलणं त्याचंच. “आई, ती दिवसभर लॅबमध्ये असते, रोज साज घालणं तिला जमणार नाही, मलाही ते पटतंय.” एवढंच. त्यानं एवढं सांगितल्यावर मात्र पुढचं तू कर, आणि ते मनापासून कर. सासूबाईंकडं जा आणि साज दाखवा म्हण. एकवीस पानं आहेत का ते त्यांच्याकडूनच समजून घे. त्यांत दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, माणकाचं, पाचूचं आणि एक डोरलं असं सांगतात. प्रत्येक पानाच्या मध्ये जवमणी असतात. तो त्यांच्या सासूबाईंनी कधी केला, त्यांना कधी दिला, हे विचार. त्यांना बहुधा हेच कुणालातरी सांगायचं असेल. सणासुदीला मी आनंदानं घालीन, असं तोंडभरून म्हण, आणि तसंच असेल तरच म्हण.

मोडायला मात्र माझा ठाम नकार आहे. साजाच्या मण्यांत आणि पानांत लाख भरलेली असते. मोडताना ती जाते आणि हातात येणारं सोनं तुम्ही धरलेल्या वजनापेक्षा कमी भरतं. असा साज करणारे कारागीर आता गुजरीतही, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातही, थोडेच उरलेत. तरीही सगळ्यांचं ठरलंच, तर वजन समोर करून घ्या, लाखेसकट आणि लाखेवेगळं अशी दोन्ही वजनं पावतीवर लिहून घ्या. नव्या दागिन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, बघून घ्या, १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे.

आणि एक प्रश्न नवऱ्याबरोबर बसून स्पष्ट करा. साज तुला देताहेत, की घरचा दागिना घालायला देताहेत? दोन्हीत गैर काही नाही, पण आज गोडीत विचारता येतं ते पाच वर्षांनी विचारता येत नाही. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे. त्याखालच्या १९८५ च्या नियमांप्रमाणे लग्नात मिळालेल्या भेटवस्तूंची यादी करायची असते. वस्तू काय, अंदाजे किंमत, कुणी दिली, आणि खाली वधू-वरांच्या सह्या. ही यादी फार कमी घरांत होते. तुम्ही दोघं करा. याद्यांत मानपानाच्या साड्या लिहिताना कुणाला संकोच वाटत नाही, मग यातही वाटायचं कारण नाही.

प्रश्न : काकू, आम्ही दोघं वेगवेगळ्या जातींचे. शिवाजी विद्यापीठात शिकताना ओळख झाली. आता दोघंही कोल्हापुरातच नोकरीला आहोत. नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं ठरवलंय. तो म्हणतो, आधी नोटीस देऊ, मग घरी सांगू. मी म्हणते, आधी सांगू. यावरच अडलंय. हल्ली विषय निघाला की तो उठून जातो.
— कसबा बावडा

उत्तर : आधी नोटिशीचं नीट समजून घ्या, कारण तुमचं भांडण अर्धवट माहितीवर चाललंय असं मला वाटतं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, दोघांपैकी एकजण किमान ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहतो तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यावी लागते. ती नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते. ३० दिवसांत कायदेशीर हरकत आली नाही, की नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावता येतं. म्हणजे नोटीस दिल्यावर गोष्ट तुमच्या दोघांतच राहत नाही. कोल्हापूर एवढं मोठं नाही की फलकावरचं नाव कुणा ओळखीच्या माणसाच्या नजरेला पडणार नाही. तुझ्या वडिलांना ते दुसऱ्या कुणाकडून कळलं तर त्यांचं दुःख दुप्पट होईल, आणि पुढं समजूत काढणं तेवढंच अवघड. म्हणून माझं मत तुझ्या बाजूनं आहे, आधी घरी सांगा.

एक अपवाद. कुणाच्याही घरून मारहाणीचा, कोंडून ठेवण्याचा धोका वाटत असेल, तर हा क्रम लागू नाही. मग आधी सुरक्षितता. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात अशा जोडप्यांना संरक्षण देण्याची जबाबदारी पोलीस आणि जिल्हा प्रशासनावर टाकलेली आहे. संरक्षण मागायला लाजू नका, तातडीची वेळ आली तर ११२ वर फोन करा. तो उठून जातो तो याच भीतीनं का, हे तुला माहीत आहे का? त्याच्या घरात पूर्वी असं काही घडलेलं असेल आणि ते त्यानं तुला सांगितलं नसेल. ‘तू घाबरतोस’ असं म्हणू नकोस. “घरी सांगितलं तर तुझ्या मते नेमकं काय होईल, कोण काय करील, ते मला एकदा सगळं सांग,” असं विचार आणि मध्ये बोलू नकोस. तो उठायला लागला तर एवढंच म्हण, “आज ऊठ, पण परत कधी बसायचं ते सांगून ऊठ.” वार आणि वेळ घेतल्याशिवाय त्याला सोडू नकोस.

घरी सांगताना दोघांनी आपापल्या घरी, एकाच दिवशी सांगा. एका घराला आठवडाभर आधी कळलं तर दुसरं घर ‘आम्हाला शेवटी’ म्हणत बसतं. काय सांगायचं ते आधी एकमेकांना बोलून दाखवा. मत विचारायला आलोय असं सांगायचं, की ठरलंय आणि आशीर्वाद हवाय असं सांगायचं? एकानं पहिलं आणि दुसऱ्यानं दुसरं सांगितलं, तर दोन्ही घरांची भेट होईल तेव्हा तुम्ही दोघंही उघडे पडाल.

नातेवाईक ‘आपल्यात असं होत नाही’ म्हणतील. त्यांना आदरानं सांगा, की याच कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा आणि १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाचा कायदा केला. घरच्यांना नुसती सही कोरडी वाटत असेल तर सत्यशोधक पद्धतीचा विचार करा. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं असं पहिलं लग्न २५ डिसेंबर १८७३ रोजी लावलं. फुल्यांनी त्यासाठी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. ती बायकांच्या हक्कांबद्दल त्याच्याकडून वचन मागते आणि तो सगळ्यांसमोर देतो. ती मंगलाष्टकं दोघांनी आधी वाचा. तुमच्या आयांनाही वाचून दाखवा, अक्षता टाकायला त्यांना काहीतरी मिळेल.

नोंदणीला तीन साक्षीदार लागतात. मित्र-मैत्रिणी तुमच्याकडं तयार असतीलच. पण तुझ्या घरचा एक आणि त्याच्या घरचा एक मिळतो का, हे घरी सांगितल्यावर पहिल्याच आठवड्यात विचारून बघा. आत्या, मावसभाऊ, कुणीही चालेल, ओळखपत्र आणि त्या दिवसाची रजा मात्र आधीच काढून ठेवायला सांगा.